टीनएजर पोरं, सात रात्री आणि डॅन्यूब: रिव्हर क्रूझ कशी प्लॅन करायची

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला सांगा की सात दिवस ट्रॅफिक नाही, बॅग एकदाच उघडायची आणि गावं आपोआप खिडकीशी येणार, तो तिथल्या तिथे पैसे भरायला तयार होतो. आमचं तेच झालं. मोठी नुकतीच दहावी झालेली, धाकटा आठवीतून नववीत, म्हणजे वयं १६ आणि १४, आणि आम्ही दोघं. जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, डॅन्यूब नदीवर सात रात्री. आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, शाळेच्या आयांच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतंय की पोरं कंटाळली नाहीत का गं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

कंटाळली. पहिले दोन दिवस अगदी व्यवस्थित कंटाळली. कारण क्रूझ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यासमोर आलं ते समुद्रातलं अकरा मजली जहाज, घसरगुंड्या, गेम झोन, रात्री बारापर्यंत पिझ्झा. नदीवरची बोट तशी नसतेच. लांबीला फार तर १३५ मीटर, रुंदीला साधारण साडेअकरा मीटर, उंची पुलाखालून जाईल एवढीच. आत दीडशे-पावणेदोनशे माणसं आणि त्यातली बरीचशी रिटायर झालेली. संध्याकाळी लाउंजमध्ये एक जण पियानो वाजवतो आणि साडेदहाला सगळे झोपायला जातात. पहिल्या रात्री मोठी म्हणाली, आई, सगळ्यांचे आजीआजोबा आलेत, नातवंडं कुठे ठेवलीत?

मग आम्हाला अक्कल आली. बोट म्हणजे चालतं हॉटेल, झोपायला आणि जेवायला. पोरांची ट्रिप काठावर असते. नदीची बोट थेट गावाच्या मधोमध येऊन लागते, फळी ओलांडली की तुम्ही बाजारात, आणि तिथे टीनएजर पोरांना थोडं मोकळं सोडता आलं तर ही त्यांच्यासाठी भारी सुट्टी आहे, नाही सोडलं तर मात्र कानात रिसीव्हर घालून गाइडमागून चालायची शिक्षा आहे. खालचं सगळं प्लॅनिंग ह्या एका गोष्टीभोवती वाचा.

कधी जायचं

आपल्याकडे सुट्टीचा हिशोब नदीने नाही, क्लासवाल्यांनी ठरवलेला असतो. दहावीच्या आधीच्या एप्रिलमध्ये व्हेकेशन बॅच, बारावीच्या आधी तेच, बारावीनंतर सीईटी आणि जेईई. त्यामुळे उरतात दोन खिडक्या, आठवीची सुट्टी आणि दहावीची परीक्षा झाल्यावरची सुट्टी. दहावीनंतर जाणार असाल तर रिझल्ट आणि अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनच्या तारखा मधे येतात, तेव्हा मेचा पहिला पंधरवडा बरा. मेमध्ये डॅन्यूबवर हवा छान असते, रात्री साडेआठपर्यंत उजेड, पण स्वेटर लागतोच, पोरं नाही म्हणतात तरी घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर मी म्हणेन युरोप सोडा, आपल्याकडे ब्रह्मपुत्रेचा सीझन तेव्हा सुरू होतो, काझीरंगाही पावसाळ्यानंतर उघडलेलं असतं. पण मेमध्ये ब्रह्मपुत्रा नाही, तिथे पावसाचं पाणी चढायला लागलेलं असतं.

पाण्याचं एक सांगून ठेवते कारण एजंट सांगत नाहीत. नदीला पाणी जास्त झालं तर बोट पुलाखालून जात नाही, कमी झालं तर तळ टेकतो. २०१८ च्या शरदात आणि २०२२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तिकडची ऱ्हाईन नदी इतकी आटली होती की मालवाहू बोटींचेसुद्धा हाल झाले. अशा वेळी कंपनी तुम्हाला बसने पुढे नेते किंवा मधेच दुसऱ्या बोटीत टाकते, आणि करारात तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे भांडून उपयोग नाही. मेमध्ये कोरड्याची भीती कमी, पुराची थोडी असते. पासाऊला टाऊन हॉलच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा मारून ठेवल्यात, २०१३ ची रेघ बघायला धाकट्याला मान वर करावी लागली आणि त्याने लगेच मुंबईच्या २६ जुलैच्या पुराची गोष्ट काढली, जी त्याच्या जन्माच्या आधीची आहे पण घरात इतकी ऐकलीय की त्याला स्वतःला आठवते असं वाटतं.

बोट आणि केबिन

आधी वयाची अट बघा. वायकिंगच्या बोटींवर १८ च्या खाली प्रवेशच नाही, आम्ही त्यांचंच ब्रोशर बघून हुरळलो होतो. उलट काही कंपन्या खास फॅमिलीच्या तारखा काढतात, युनिवर्ल्डचं जनरेशन्स, टॉकचं ब्रिजेस, ॲमावॉटरवेज आणि डिस्नीचं मिळून एक. ह्या तारखांना बोटीवर तुमच्या पोरांच्या वयाची आणखी पोरं असतात आणि त्यानेच अर्धं काम होतं. जास्तीचे पैसे असतात, पण माझं मत विचाराल तर बाल्कनीचे पैसे वाचवा आणि इथे घाला. आम्ही उलट केलं.

बाल्कनीबद्दल बोलूच. जिला फ्रेंच बाल्कनी म्हणतात ती बाल्कनी नसते, सरकणारी काच आणि समोर कठडा, पाऊल ठेवायला जागा नाही. आणि गावात धक्क्यांची जागा कमी, त्यामुळे बोटी एकमेकींना चिकटून दोन-दोन तीन-तीन लावतात. लिंझला सकाळी मी मोठ्या हौसेने पडदा सरकवला तर हातभर अंतरावर दुसऱ्या बोटीतल्या बाई तोंडात ब्रश धरून माझ्याकडे बघत होत्या. दोघींनी एकदमच पडदे ओढले. काठावर जायलासुद्धा मग त्यांच्या लॉबीतून जावं लागतं.

सगळ्यात खालच्या डेकच्या केबिन स्वस्त असतात, खिडकी लहान आणि छताजवळ, उघडत नाही. मोठ्यांना गुदमरल्यासारखं वाटतं, पोरांना जाम आवडतात, कारण खिडकी पाण्याच्या जरा वर असते आणि हंस अगदी डोळ्यासमोरून जातात.

चौघांना एक खोली हे विसरा, बहुतेक केबिन दोघांच्याच. तिघांची मिळाली तर नशीब. म्हणजे दोन केबिन, आणि रेट दिसतो तो पर हेड डबल शेअरिंगचा असतो हे लक्षात ठेवून गुणाकार करा. दोन गोष्टी लेखी घ्या: केबिन शेजारी-शेजारी हव्यात, आणि अठराच्या आतल्यांच्या केबिनबद्दल नियम काय. काही ठिकाणी कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस लागतं. आमच्या एजंटने 'हो हो मॅडम, बाजूबाजूलाच' म्हणत एक केबिन वरच्या डेकवर आणि एक खालच्या टोकाला दिली. सोळा वर्षांची मुलगी आणि चौदाचा मुलगा एका इवल्याशा बाथरूमवरून सात दिवस भांडले असते, म्हणून आम्ही मी आणि मोठी, नवरा आणि धाकटा अशी वाटणी केली, आणि खरं सांगते, तिचं अकरावीत सायन्स नको हे मला त्या केबिनमध्ये दिवे बंद केल्यावर कळलं. घरी कळलं नसतं. घरी तिच्या खोलीला दार आहे.

बुकिंग करताना टिप्स, गावातल्या टूर, जेवणाबरोबरची ड्रिंक्स, एअरपोर्टचा ट्रान्सफर, ह्यातलं काय धरलंय आणि काय नाही ते विचारा. भारतात पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा टॅक्स, कापतात, तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त घरात ज्याचा टॅक्स जास्त त्याच्या पॅनवर बुकिंग करा.

व्हिसा आणि कागद

पासपोर्ट आधी काढून बघा, आत्ता, हे वाचता वाचता. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो कधी संपला ते कोणालाच कळत नाही. धाकट्याचा संपला होता, वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात जाऊन नवीन काढला. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने व्हॅलिडिटी आणि दोन कोरी पानं लागतात.

वयाच्या बाराव्या वर्षापासून बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे पोरांना शाळा-क्लास बुडवून मुंबईच्या सेंटरला न्यावं लागतंच, आणि फीसुद्धा मोठ्यांचीच, ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राची सुट्टी, अपॉइंटमेंट मिळत नाहीत, त्यामुळे जानेवारीत लागा कामाला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा.

गंमत पुढे आहे. व्हिसा कुठल्या देशाचा? आमचं विमान म्युनिकचं म्हणून एजंट बिनधास्त जर्मनीचा फॉर्म भरायला निघाला होता. नियम असा की जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे झाले तर जिथे आधी उतरणार तिथे. बोटीत झोपत असलो तरी बोट कुठल्या देशात उभी आहे ते मोजायचं. आम्ही बोटांवर मोजलं, ऑस्ट्रिया जास्त निघाला. क्रूझ कंपनीकडून दिवसागणिक कुठला धक्का ते पत्र मागून घ्या आणि फाइलमध्ये वर लावा. बुडापेस्टच्या पुढे जाणारी क्रूझ असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही, तिथे दोनदा एंट्रीचा प्रश्न येतो.

विमान जाताना म्युनिक, येताना बुडापेस्ट असं काढा आणि एक दिवस आधी पोचा, बोट कोणासाठी थांबत नाही. म्युनिकहून पासाऊ ट्रेनने सव्वादोन तासांच्या आसपास.

बॅग आणि खाणं

बोटीवर व्हेज मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळीच लिहून द्या आणि 'व्हेजिटेरियन' म्हणजे मासे नाही हेही लिहा. तरी चौथ्या दिवशी चीज, बटाटा आणि क्रीम बघून जीव नको होतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, खाकरे न्या. तूप, पनीर, पेढे, श्रीखंड नका नेऊ, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून न्यायला बंदी आहे. आणि मे महिना आहे म्हणून कोणी परदेशातल्या आत्याला हापूस द्यायला सांगेल, त्यांनाही नाही म्हणा, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे फळाला कीड-रोग नाही ह्या सरकारी दाखल्याशिवाय, आंबा चालत नाही. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन ह्या पाचच फळांना सूट आहे. म्हणजे नारळ चालतो. सासूबाईंनी ओटीतला नारळ दिला होता, तो डॅन्यूबमध्ये गेला नाही, परत ठाण्याला आला.

पोरांना प्रत्येकी वेगळं ई-सिम घ्या. बोटीचं वायफाय पुलाखाली आणि डोंगरात मरतं. युरोपियन युनियनचं एक कार्ड जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी चारही देशांत चालतं.

काठावर काय करायचं

आता मुद्द्याचं. रोज बोटीवरून दोन-तीन टूर असतात. आमची चूक म्हणजे पहिल्या दोन दिवशी चौघांनी मिळून सगळ्या केल्या, चर्चमागून चर्च. पैसे भरलेत ना, मग वसूल करायचे, हा आपला सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस असा टूरवाला स्वभाव. तिसऱ्या दिवसापासून नियम केला की दिवसात एक गोष्ट सगळ्यांनी, बाकी ज्याची त्याची.

ऑस्ट्रियातलं वाखाऊचं खोरं चुकवू नका. मेल्क ते क्रेम्स हा टप्पा, २००० पासून युनेस्कोच्या यादीत. बऱ्याच बोटींवर सायकली असतात, नसतील तर मेल्कला भाड्याने मिळतात. नवरा आणि दोन्ही पोरं मेल्कहून ड्यूर्नश्टाइनपर्यंत सायकलने गेली, तीसेक किलोमीटर, जवळपास सपाट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, एका बाजूला द्राक्षांचे मळे आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मी बोटीतच बसले. मधेच एका वळणावर तिघं काठावरून ओरडत हात हलवताना दिसले आणि डेकवरचे आजीआजोबा सगळे उठून त्यांना हात करायला लागले. मोठीला आधी लाज वाटली, मग तिने घंटी वाजवली. ड्यूर्नश्टाइनला वर पडका किल्ला आहे, तिथे ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता, अर्ध्या तासाची चढण आहे, ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर जाणाऱ्या पोरांना काहीच नाही.

ह्याच टप्प्यात डाव्या काठाला विलेनडॉर्फ नावाचं छोटं गाव जातं. १९०८ मध्ये तिथे सुमारे ११ सेंटीमीटरची दगडी बाई सापडली, जवळपास ३० हजार वर्षांपूर्वीची. ती आता व्हिएन्नाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आधी गाव दाखवा, दोन दिवसांनी मूर्ती, मग म्युझियमला नाही म्हणत नाहीत. शिवाय ऑस्ट्रियाच्या सरकारी म्युझियममध्ये १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, आयडी सोबत ठेवा.

धाकट्याला वेड लागलं ते पाट्यांचं. डॅन्यूबवर काठाला किलोमीटरच्या पाट्या असतात आणि आकडे उलटे, समुद्रापासून मोजलेले. पासाऊ २२२६, व्हिएन्ना १९२९, बुडापेस्ट १६४७. म्हणजे सात रात्रींत आम्ही एसटीने एका रात्रीत होईल एवढंच अंतर गेलो. तो वहीत वेळ आणि पाटी लिहायचा, त्यावरून स्पीड काढायचा आणि जेवणाच्या टेबलावर पुढचं लॉक, म्हणजे बोटीला खालच्या पाण्यात उतरवणारा दारांचा हौद, कधी येणार ते सांगायचा. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नऊ लॉक लागतात. बोट सिमेंटच्या हौदात शिरते, मागचं दार बंद, पाणी उतरतं, आणि खिडकीबाहेर ओली शेवाळलेली भिंत वर वर सरकत जाते. एकदा रात्री दोनला तो वरच्या डेकवर गेला होता बापाला उठवून. पूल आला की वरचा डेक बंद करतात आणि कॅप्टनची केबिन खाली जाते, हे त्याने मला चार वेळा सांगितलं. तुमच्या पोराला गणिताची आवड असेल तर वही न्या, नसेल तर ह्या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करा.

मोकळं सोडायचे नियम आमचे असे होते. दोघांनी एकत्रच राहायचं. लोकेशन चालू. बोट सुटायच्या एक तास आधी परत. बोटीचं नाव, धक्क्याचा नंबर आणि रिसेप्शनचा फोन लिहिलेलं कार्ड खिशात, फोनमध्ये नाही. आणि चुकलंच तर घाबरायचं नाही, समुद्रासारखं नाही हे, पुढच्या गावाला ट्रेन जाते. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभराचा रस्ता आहे.

तरी व्हिएन्नाला घोळ झालाच. दोघं प्राटरला गेली, तिथे १८९७ चा जायंट व्हील आहे, ६५ मीटरच्या आसपास उंच, येताना मेट्रोने एक स्टेशन आणि मग चालत धक्का. धक्क्यावर आली तर बोट नाही. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या लांबुळक्या, आणि आमची मधल्या काळात जागा बदलून दोनशे मीटर पुढे दुसऱ्या बोटीच्या पलीकडे लागलेली. मोठीचा फोन दोन टक्क्यांवर. धाकट्याने खिशातलं कार्ड काढून समोरच्या बोटीतल्या माणसाला दाखवलं, त्याने आपल्या लॉबीतून त्यांना पार पलीकडे आणून सोडलं. मी तोपर्यंत डेकवर उभी राहून गणपती अथर्वशीर्ष तीनदा म्हटलं होतं. म्हणून रिसेप्शनला रोज विचारा की आज बोट हलणार आहे का.

ऑस्ट्रियात बिअर आणि वाइन सोळाव्या वर्षी कायदेशीर आहे, जर्मनीतही. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलीला हे तुमच्या आधी माहीत असतं. स्लोव्हाकिया आणि हंगेरीत अठरा. आमच्याकडे काय ठरलं ते सांगत नाही, घरोघरी मातीच्या चुली, पण विमानात बसायच्या आधी ठरवा, वेटर समोर उभा असताना नाही.

ब्रातिस्लाव्हा अर्ध्या दिवसात होतं. बुडापेस्टला वेळ ठेवा, मार्गारेट बेटावर चौघांनी पॅडल मारायच्या गाड्या मिळतात, लांगोश म्हणजे आपल्या भटुऱ्यासारखं तळलेलं, वर लसूण आणि चीज, पोरांनी दोनदा खाल्लं. सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदांना वयाची अट असते, आधी बघून घ्या. हंगेरीत युरो नाही, फोरिंट, पण कार्ड चालतं. आणि बोट बुडापेस्टला रात्री शिरणारी असेल तर पोरांना काहीही करून वर काढा, पार्लमेंटची २६८ मीटर लांब इमारत सोनेरी दिव्यांत पाण्यावर पडलेली असते.

आणखी एक. एवढं सगळं बुक करण्याआधी फेब्रुवारीत एका रविवारी पोरांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायच्या बोटीवर न्या. भरतीच्या वेळेप्रमाणे सुटते, आधी बुकिंग करा. ठाणे खाडीत हजारो गुलाबी पक्षी आणि मागे पूल. पोरं फोन खिशात ठेवून बसली तर डॅन्यूबचं बघा, नाही बसली तर समुद्रातलं मोठं जहाज घ्या, घसरगुंडीवालं.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि पहाटे त्या उचलून नेतात. सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढून ठेवा. नवऱ्याने नव्हते ठेवले, तो बुडापेस्टच्या धक्क्यावर ब्लेझरखाली बर्म्युडा घालून उतरला आणि पोरं त्याच्यापासून वीस फूट लांब चालत होती.